कोल्हापुरात उभ्या राहिलेल्या सूक्ष्मनलिका

डॉ. नीलांबिका शेटे मॅडम साठ वर्षांच्या होत आहेत. त्यानिमित्त निघणाऱ्या या ग्रंथात त्यांच्या शिष्यांनी आणि सहकाऱ्यांनी पेशीविज्ञानावर वजनदार लेख लिहिले आहेत. त्या पंगतीत एका फ्रिजवाल्याचं पान कशाला मांडता, असं मी संपादक मंडळींना विचारलं. ते म्हणाले, ते दिवस तुम्ही जवळून बघितलेत, आम्हाला तेच पाहिजे. म्हणून लिहितो. शास्त्रात काही चुकलं तर दोष माझा, आणि बरोबर आलं तर ते मॅडमनी शिकवलेलं.

मॅडमची आणि माझी पहिली गाठ नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची. शाहूपुरीत माझं दुरुस्तीचं दुकान होतं. शाळा अर्ध्यात सुटलेली, धंदा मिस्त्रीच्या हाताखाली शिकलेला, आणि भांडवल म्हणाल तर दोन कान. कॉम्प्रेसर सुरू करायचा, डोळे मिटून ऐकायचं, दुखणं कळायचं. एका सकाळी मोपेडवरून एक बाई उतरल्या. सुती साडी, कपाळाला विभूतीची बारीक रेघ, हातात शीतयंत्राचं माहितीपत्रक. थेट मुद्द्यावर आल्या.

"चार डिग्री राहिलं पाहिजे. पाच चालणार नाही."

"ठेवणार काय, दूध का मटण?" मी विचारलं.

"मेंदू. बकऱ्याचा."

मी म्हटलं, "हॉटेल कुठं हाय तुमचं?"

मॅडम इतक्या मोकळ्या हसल्या की शेजारचा टायरवाला बाहेर आला. मग दुकानातल्या मोडक्या स्टुलावर बसून त्यांनी मला त्यांचं काम सांगितलं. गिऱ्हाईक म्हणून आलेल्या माणसानं फ्रिजवाल्याला आपलं काम समजावून सांगावं, हे माझ्या धंद्यात तोवर घडलं नव्हतं.

त्यांनी सांगितलं ते असं. आपल्या अंगातल्या प्रत्येक पेशीत अतिशय बारीक नळ्या असतात, त्यांना सूक्ष्मनलिका म्हणतात. पेशीचा आकार त्या सांभाळतात, आतल्या मालाची ने-आण त्यांच्यावरून होते, आणि एका पेशीच्या दोन होताना वाटणीही त्याच करतात. गंमत अशी की या नळ्या कायमच्या नसतात. गणपतीचा मंडप जसा वासे जोडून उभा करतात आणि काम झालं की वासे सुटे करून ठेवतात, तशा त्या उभ्या राहतात आणि सुटतात. वासे तेच. उबेत उभ्या राहतात, थंडीत सुटतात. मेंदूत त्या भरपूर, म्हणून मेंदू पाहिजे. तो ताजा पाहिजे, बर्फात पाहिजे, आणि मग गरम, थंड, पुन्हा गरम असं करत त्यातून नुसते वासे वेगळे काढायचे.

मी आयुष्यभर वस्तू थंड करत आलो, पण थंडीनं एखादी गोष्ट मोडते आणि उबेनं परत जुळते हे ऐकून मला त्या दिवशी जेवण सुचलं नाही. घरी बायकोला सांगितलं तर ती म्हणाली, ताप आलाय का तुम्हाला.

मॅडम मूळच्या जयसिंगपूरच्या. वडिलांचं अडत दुकान, घर लिंगायत, घरात कानडी आणि बाजारात मराठी. वडील गेल्यावर आई मॅडमकडे कोल्हापुरात राहायला आल्या. त्यांना सगळे अव्वा म्हणत. मॅडमनी मोठ्या शहरातल्या नामांकित प्रयोगशाळेत संशोधन केलं, परदेशात काही वर्षं काढली, आणि सगळ्यांचा सल्ला धुडकावून इथं परत आल्या. त्यांचे एक वडीलधारे शास्त्रज्ञ म्हणाले होते, कोल्हापुरात शिकवशील भरपूर, पण हे नाजूक काम तिथं उभं राहणार नाही. मॅडमनी त्यांना नमस्कार केला आणि गाडीत बसल्या.

अनुदान मिळालं, ते मुदतीचं. निम्म्या मुदतीत एक समिती येऊन बघणार, नळ्या उभ्या राहिल्या असतील तर पुढचं अनुदान, नाहीतर यंत्रं उचलून दुसऱ्या शहरातल्या संस्थेत. त्या समितीचे अध्यक्ष तेच वडीलधारे गृहस्थ. म्हणजे मॅडमची कॉलेजातली नोकरी टिकली असती, वर्गात फळा-खडू राहिला असता, पण ज्यासाठी त्या परत आल्या ते काम गेलं असतं. हे त्यांनी कुणाला बोलून दाखवलं नाही. त्यांची पहिली संशोधक विद्यार्थिनी वंदना, चंदगडकडची, तिनं मला सांगितलं.

बकऱ्याचा मेंदू कोल्हापुरात कमी पडेल अशी भीती कुणालाच नव्हती. प्रश्न वेळेचा होता. मी मॅडमना माझ्या ओळखीचे मटणवाले सदाभाऊ यांच्याकडे नेलं. सदाभाऊंचा आवाज असा की कानात बोलले तरी चौकात ऐकू जावं. त्यांनी मॅडमच्या कपाळाकडे बघितलं आणि मला बाजूला घेऊन विचारलं, अर्थात सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असं: "पावणं, ह्या बाई लिंगायत दिसत्यात की. ह्यास्नी चालतंय व्हय?"

मॅडमच पुढं होऊन म्हणाल्या, "खायला नाही चालत, सदाभाऊ. शिकायला चालतं."

सदाभाऊंना हे उत्तर इतकं आवडलं की पुढं कितीतरी दिवस ते प्रत्येक गिऱ्हाइकाला ऐकवत होते. रोज पहाटे मॅडम स्वतः बर्फाचा डबा घेऊन दुकानाच्या कोपऱ्यावर उभ्या राहत. सदाभाऊ आत मेंदू काढून, डब्यात घालून, झाकण लावून आणून देत. डबा मोपेडच्या पुढ्यात, आणि मॅडम सुसाट. घरी गेल्यावर अंघोळ केल्याशिवाय अव्वा स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत नसत. मॅडमनीही कधी कुरकुर केली नाही. प्रयोगशाळेत त्यांचा हुकूम चाले, घरात अव्वांचा.

आणि नळ्या काही उभ्या राहिनात.

हे कळायचं कसं, तेही सांगतो. वासे सुटे असताना द्रव नितळ दिसतो. नळ्या उभ्या राहिल्या की तो किंचित धुरकट होतो. त्यातून प्रकाश सोडायचा, आणि यंत्राला जोडलेलं पेन सरकत्या कागदावर रेघ काढतं. नळ्या झाल्या तर रेघ चढते. आमची रेघ कधी थोडी चढे आणि दमल्यासारखी आडवी पडे, बहुतेकदा चढतच नसे. मी शीतयंत्र तपासायला जाई तेव्हा त्या पेनची कागदावरची खरखर ऐकून दारातूनच मला कळायचं, आजही नाही.

मॅडमची काम करण्याची रीत तेव्हा बघितली. माणसावर बोट ठेवायचं नाही, एका वेळी एकच गोष्ट बदलायची. बर्फ बदलला. पाणी बदललं. रसायनं नवी मागवली. विजेचा दाब कमी-जास्त होतो म्हणून मी माझ्याकडचा स्टॅबिलायझर बसवला. काचेची भांडी वंदनानं इतक्या वेळा विसळली की तिच्या बोटांची सालं निघाली. बकरी राधानगरीकडची की घाटावरची, इथपर्यंत चौकशी झाली. सदाभाऊ म्हणाले, माझं बकरं अस्सल हाय, तुमच्या मशीनलाच म्हसराची सवय असंल.

एका दुपारी मी तिथं असताना रेघ चढली. चांगली उंच चढली. वंदना खुर्चीवरून उठली, बाकीचे धावत आले, कुणीतरी पेढ्यांचं नावसुद्धा काढलं. मॅडम मात्र रेघेकडे बघत शांत उभ्या. मग म्हणाल्या, "आता बर्फात ठेव."

वंदनानं द्रवाची काचनळी बर्फात ठेवली. रेघ उतरायला पाहिजे होती. ती वरच राहिली.

मला वाटलं चांगलंच झालं, आतल्या नळ्या मजबूत निघाल्या. मॅडमनी समजावलं की हे नासलेलं आहे. दूध फाटल्यावर जसे गोळे होतात, तसे वाशांचे गोळे झालेत. धुरकट तेही दिसतात, रेघ त्यांचीही चढते, पण ते पुन्हा सुटत नाहीत.

एक सहकारी म्हणाले, समितीला नुसती चढलेली रेघ दाखवू, बर्फाचं कोण विचारतंय. समिती तोंडावर आली होती आणि ते काही वाईट हेतूनं बोलले नव्हते. मॅडमनी तो कागद फाडून टोपलीत टाकला.

"थंडीत जी सुटत नाही ती नळी नव्हे," त्या म्हणाल्या. "त्यांना कळेल की नाही हा प्रश्नच नाही. मला कळलंय."

त्या संध्याकाळी वंदना जिन्यात बसून रडली. मी धंदेवाला माणूस, मलाही मनातून वाटलं की बाई फार ताठ आहेत. आज माझा शीतयंत्रांचा छोटा कारखाना आहे, तिथं एखादं यंत्र चाचणीत कुरकुरलं आणि पोरं म्हणाली की गिऱ्हाइकाला कुठं कळतंय, तर मी मॅडमचं वाक्य त्यांना ऐकवतो.

पुढचा रविवार. सदाभाऊंच्या दुकानापुढं रांग, रांगेत मी. सदाभाऊ सुरी चालवता चालवता बोलत होते, मधेच तळहातावर तंबाखू, डबीचं झाकण उघडल्याचा टक् आवाज, नखानं चुना, मग मळणं आणि फटाफट थापा. हातांना उसंत नाही, तोंडाला तर नाहीच. मागच्या गिऱ्हाइकानं विचारलं, त्या कॉलेजातल्या बाईंचं काय झालं. सदाभाऊंची छाती फुगली. मॅडमचा माल ते दुसऱ्या कुणाच्या हाताला लागू देत नाहीत म्हणे. मेंदूवरचं पातळ कातडं आणि शिरा ते स्वतःच्या बोटांनी सोलून काढतात, रक्ताचा ठिपका ठेवत नाहीत. कारण काय, तर बाई लिंगायत आहेत, रक्त दिसलं की त्यांना कसंतरी होईल, पण संकोचानं बोलणार नाहीत.

मला गंमत वाटली, आणि थोडं गहिवरूनही आलं. सोमवारी शीतयंत्रात गॅस भरायला गेलो तेव्हा मॅडमचा चेहरा उतरलेला दिसला. त्यांना जरा हसवावं म्हणून मी सदाभाऊंची नक्कल करून सगळं सांगितलं. आवाजासकट. चुन्याच्या डबीच्या टक् सकट.

मॅडम हसल्या नाहीत. हातातला चहा त्यांनी खाली ठेवला.

"बाळासाहेब, परत सांगा. चुना लावल्यावर हात धुतात का?"

मी म्हटलं, पटक्याला पुसतात.

मॅडम उठून उभ्या राहिल्या. वंदनाला हाक मारली ती अशी की व्हरांड्यातले शिपाई आत आले. मग दोघींचं इंग्रजी-मराठी एकदम सुरू झालं आणि मला एवढंच कळलं की चुना म्हणजे कॅल्शियम, आणि नळ्यांचे दोन वैरी: एक थंडी, दुसरं कॅल्शियम. पाण्यात, भांड्यात असतं तेवढं कॅल्शियम बांधून ठेवायचं औषध त्या आधीपासून घालतच होत्या. पण ते औषध चिमटीसाठी होतं. इथं माणूस मायेनं, दहा बोटांनी, रोज चुना चोळत होता.

मी तिथं गॅसची टाकी धरून उभा. माझ्या कानांनी ते ऐकलं होतं खरं, पण ऐकून मला फक्त हसू आलं होतं. तोच आवाज मॅडमच्या कानावर गेला आणि त्यांना आतली नळी पडताना दिसली. शिकलेलं असणं म्हणजे काय, ते मला त्या दिवशी कळलं.

मी त्यांना व्यवहारी सल्ला दिला की सदाभाऊंना काही बोलू नका, माणूस दुखावेल, उद्यापासून दुसरा मटणवाला बघू. मॅडम म्हणाल्या, मग ते जन्मभर समजतील की त्यांच्याकडचा मालच खोटा होता. आम्ही तसेच दुकानात गेलो. मॅडमनी सरळ सांगितलं, काही न लपवता. सदाभाऊंचा आवाज मी आयुष्यात पहिल्यांदा खाली गेलेला ऐकला.

"म्हंजे मॅडम, इतकं दिवस मीच तुमचं वाटुळं करत हुतो व्हय?"

"तुम्ही रक्त पुसत होता, सदाभाऊ," मॅडम म्हणाल्या. "मला दिसू नये म्हणून. एवढा विचार माझा परदेशातल्या कुठल्या प्रयोगशाळेत कुणी केला नव्हता. आता एक करा. अख्खं डोकं द्या, आणि ते फोडायचं कसं ते मला शिकवा."

विभूती लावलेली बाई आणि हातात सत्तूर. सदाभाऊंनी साबणानं कोपरापर्यंत हात धुतले, डबी खिशातून काढून गल्ल्यावर ठेवली आणि शिकवायला उभे राहिले. घाव कुठं घालायचा, किती जोर, आतल्याला धक्का लागू नये म्हणून पातं कसं थांबवायचं. मॅडमचा पहिला घाव चुकला, दुसराही. सदाभाऊ आता पुन्हा पहिल्या आवाजात ओरडत होते, "असं न्हाय मॅडम, भिऊ नगासा, ते काय आता चावत न्हाय." तिसऱ्याला जमलं.

दुसऱ्या दिवशी प्रयोगशाळेत मीही होतो. शीतयंत्राचं निमित्त काढलं होतं, पण खरं तर मला राहवत नव्हतं. आणि मॅडमनी अव्वांना सोबत आणलं होतं. आदल्या संध्याकाळी त्यांनी आईला सत्तूर हातात घेतल्याचं सांगितलं होतं, आणि अव्वा म्हणाल्या होत्या की एवढं काय आहे ते मलाही बघू दे. अव्वा पदर घट्ट लपेटून, कशाला स्पर्श होणार नाही अशा बेतानं, खुर्चीवर बसल्या.

गरम, थंड, गरम, थंड असं सगळं पार पडलं. शेवटी वंदनानं नितळ द्रव यंत्रात ठेवला आणि उबेचं बटण दाबलं. पेन सुरुवातीला एकाच जागी घासत राहिलं. मग आवाज बदलला. खरखर लांबली, तिला जोर आला, आणि बघण्याआधी मी ऐकलं की पेन वर निघालंय. रेघ चढली, चढत गेली आणि वर जाऊन स्थिर झाली.

कुणी टाळी वाजवली नाही. गोळे झालेली ती दुपार सगळ्यांच्या लक्षात होती. मॅडम म्हणाल्या, बर्फ. रेघ उतरली, थेट तळाला. मॅडम म्हणाल्या, ऊब. रेघ पुन्हा चढली. तेव्हा वंदनानं तोंडावर हात ठेवला. पण मॅडमचं अजून संपलं नव्हतं. त्यांनी सदाभाऊंच्या डबीतला चुना मागून आणला होता. तो पाण्यात कालवून, गाळून, त्याचे थेंब त्यांनी उभ्या राहिलेल्या नळ्यांत सोडले. आमच्या डोळ्यांदेखत रेघ कोसळली.

मग मात्र मॅडमच पहिल्यांदा ओरडल्या. इतक्या दिवसांनी उभ्या केलेल्या नळ्या स्वतःच्या हातानं पाडून एवढा आनंद झालेलं माणूस मी दुसरं बघितलेलं नाही. त्यांनी वंदनाला मिठी मारली, माझा हात धरून हलवला.

अव्वा सगळं बघत होत्या. त्यांनी कानडीत विचारलं, "इदराग जीव ऐतेनु?" यात जीव आहे का, असा त्याचा अर्थ.

मॅडम त्यांच्या पायाशी बसल्या. त्यांना शिवल्या नाहीत. आमच्यासाठी मराठीत म्हणाल्या, "जीव नाही, अव्वा. पण जीव ज्याच्यावर उभा राहतो, ते आहे."

अव्वांनी थोडा विचार केला आणि आपणच हात पुढं करून मॅडमच्या डोक्यावर ठेवला. अंघोळीचं नाव काढलं नाही.

समिती आली. अध्यक्षांनी चढलेली रेघ बघून मान हलवली आणि पहिलाच प्रश्न विचारला, "बर्फात ठेवून दाखवता का?" बर्फाचं कोण विचारतंय म्हणणारे ते सहकारी माझ्या शेजारीच उभे होते, त्यांनी माझ्याकडे बघितलं नाही, मीही नाही. मॅडमनी बर्फात ठेवून दाखवलं, मग चुना घालून दाखवला, आणि चुन्याची सगळी हकिगत सांगितली. ते गृहस्थ पोट धरून हसले. निघताना दारात थांबून म्हणाले, "मी चुकलो होतो, नीलांबिका." यंत्रं जागेवर राहिली.

पुढची वाटचाल याच ग्रंथात जाणकारांनी लिहिली आहे, मी त्यात पडत नाही. राधानगरीच्या रानात उगवणाऱ्या कळलावीच्या कंदातलं द्रव्य या नळ्यांना कसं अडवतं, आणि त्यातून गाठीच्या रोगावरच्या, म्हणजे कॅन्सरवरच्या, औषधांबद्दल काय कळतं, यावर मॅडमनी पुढं अनेक वर्षं काम केलं. मोठ्या शहरांतली मुलं ही पद्धत शिकायला कोल्हापुरात येऊ लागली. त्यांना मॅडम आधी सदाभाऊंकडे डोकं फोडायला शिकायला पाठवत, आणि संध्याकाळी अव्वांच्या हातची भाकरी आणि शेंगाचटणी खायला घरी बोलवत. माझा मुलगा बारावीत गणितात अडकला तेव्हा मॅडमनी त्याला महिनोन्‌महिने घरी शिकवलं. त्याबद्दल मी काही देऊ केलं तर म्हणाल्या, शीतयंत्राचा आवाज ऐकायला कधीतरी येत जा, एवढं पुरे.

यंदा मॅडम निवृत्त होत आहेत. प्रयोगशाळेचं पुढं काय, याची चर्चा गावात बरीच झाली. मोठ्या शहरातल्या संस्थेनं मॅडमना सन्मानानं बोलावलं होतं. इथली यंत्रंही तिकडं नेऊ, असंही सुचवलं होतं. मॅडमनी थोडे दिवस थांबा म्हणून सांगितलं, कारण विचारलं तर नुसतं हसल्या. जूनमध्ये उत्तर मिळालं. वंदना, म्हणजे आता डॉ. वंदना, परदेशातली नोकरी सोडून, नवरा-मुलासह कोल्हापुरात आली आणि प्रयोगशाळेची प्रमुख म्हणून रुजू झाली. मॅडमनी तिला ‘ये’ म्हणून एका शब्दानं सांगितलं नव्हतं. तिनं स्वतः अर्ज केला होता.

परवा मी गेलो होतो. मोठ्या टेबलाशी वंदना बसली होती आणि मॅडम विद्यार्थ्यांच्या बाकावर, कोपऱ्यात. काहीतरी वाद चालला होता. मॅडम एक म्हणत होत्या, वंदना त्याच्या उलट. शेवटी वंदना म्हणाली, "मॅडम, तुमचं चुकतंय. करून दाखवते." मॅडम बाकावरून उठल्या. मला वाटलं रागावल्या. त्या बाहेर येऊन बर्फाचा डबा शोधू लागल्या, आणि मला हळूच म्हणाल्या, "ऐकलंत ना? मला चूक म्हणणारी आली. आता इथं काम टिकलं."

मॅडम, तुमचे डोळे असेच स्वच्छ राहोत, गुडघ्यांनी जिना चढताना कुरकुर करू नये, आणि शंभरी गाठायला तुम्हाला आमच्या सगळ्यांच्या वाट्याचाही थोडा जोर मिळो. त्या कोपऱ्यातल्या बाकावर तुम्ही अजून पुष्कळ वर्षं बसा, आणि तुमच्या पोरींनी तुम्हाला रोज नव्यानं चुकीचं ठरवावं.